खुब्याचा बॉल बसवताना मांडीचं हाड तडकलं तर

ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दाराबाहेर नातेवाइकांना सांगायच्या वाक्यांपैकी एक वाक्य मला अजूनही जड जातं. "बॉल बसलाय, आजी बोलतायत, पण बसवताना मांडीच्या हाडाला चीर गेली." एका आजींच्या मुलानं यावर मला विचारलं होतं, "म्हणजे साहेब, एक मोडलेलं नीट करायला गेलात अन् दुसरं मोडून आलात का?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. मी तालुक्याच्या गावात हाडांची ऑपरेशनं करतो. माझ्याकडे खुबा मोडून येणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेल्या बायका जास्त. रात्री उठल्या, मोरीत पाय घसरला, कुशीवर पडल्या, मग पाय आखूड झाला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलं, अशी बहुतेकींची हकिकत. घरात असं कुणी असेल, उद्या संमतीपत्रावर सही करायची असेल किंवा वरचं वाक्य नुकतंच कानावर पडलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

अर्धाच खुबा का बदलतात

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. गोळा आणि हाडाचा सरळ भाग यांना जोडणारी ती मान. मानेच्या मुळाशी हाडाला दोन उंचवटे असतात, बाहेरच्या बाजूला मोठा आणि आतल्या बाजूला छोटा. गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बहुतेक नसा या मानेला चिकटून वर जातात. मान मोडून सरकली की त्या नसा तुटतात. स्क्रू घालून मान जोडली तरी म्हाताऱ्या हाडात ती जुळेलच असं नाही, आणि जुळली तरी रक्ताअभावी गोळा पुढे मरू शकतो. तेवढी वाट बघायला आजींकडे वेळ नसतो. अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा आणि पायातल्या रक्ताच्या गुठळ्या यांनी खचत जातं. म्हणून तुटलेला गोळा काढून त्याजागी धातूचा बसवायचा आणि वाटी चांगली असेल तर तिला हात लावायचा नाही. हे अर्ध्या खुब्याचं ऑपरेशन, लोक म्हणतात तसं 'बॉल बदलणं'.

या बॉलला खाली दांडा असतो आणि तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत जातो. या लेखातली सगळी भानगड त्या दांड्याची आहे.

ऑस्टिन मूर हे नाव तुमच्या कागदांवर दिसेल. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात मूर आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड बोलमन यांनी १९४० मध्ये एका रुग्णाच्या गाठीनं पोखरलेल्या हाडाच्या जागी धातूचा खुबा बसवला. पुढे मूर यांनी दांड्याला खिडक्या ठेवल्या, त्यातून हाड वाढावं म्हणून. हा दांडा हाडाच्या खास सिमेंटशिवाय (त्याबद्दल पुढे सांगतो), नुसता घट्ट ठोकून बसवतात. थॉम्सन नावाचा दुसरा दांडा बहुधा सिमेंटनं बसवतात. बायपोलरमध्ये बॉलच्या आत आणखी एक छोटा बॉल फिरतो. तळवलकरांच्या नावाची देशी बायपोलर आपल्याकडे पुष्कळ वर्षं वापरात आहे. कुठला बॉल चांगला यावर नातेवाईक फार डोकं खाजवतात. चीर जाण्याच्या हिशेबानं बॉलपेक्षा दांडा कसा बसवला हे जास्त महत्त्वाचं.

हाड नेमकं कधी तडकतं

सुताराला पाचर ठोकताना बघितलं असेल. लाकूड कोरडं असेल, पाचर जरा जाड असेल आणि एक घाव जास्त पडला, तर लाकूड उभं फाटतं. म्हातारं हाड तसंच. बाहेरचं कवच कागदासारखं पातळ झालेलं असतं, आतला जाळीदार भाग विरळ झालेला असतो, आणि आम्ही त्यात लोखंडी पाचर घालत असतो.

ऑपरेशनच्या क्रमानं सांगतो. कारण प्रत्येक टप्प्यावर हाड वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणानं तडकतं.

पहिला टप्पा जागा उघडण्याचा. रुग्ण कुशीवर असतो आणि आम्ही बरेच जण मागच्या बाजूनं आत जातो. सहायक गुडघा वाकवून पाय आतल्या बाजूला फिरवतो, म्हणजे मोडलेली मान वर दिसते. इथे पाय म्हणजे पहार. पहारीच्या टोकाला थोडा जोर दिला तरी दुसऱ्या टोकाला दगड हलतो. सहायक नवखा असेल, गुडघ्यावर जोर देऊन पाय पिळत असेल आणि आतले स्नायू आवळलेले असतील, तर मांडीचं हाड मधेच तिरपं, पीळ पडल्यासारखं मोडतं. ताज्या फ्रॅक्चरमध्ये हे क्वचित होतं. तीन आठवडे घरी झोपून, हाडवैद्याच्या पट्ट्या बांधून आलेल्या पायात याची भीती जास्त, कारण तोवर स्नायू आखडून पाय वर ओढला गेलेला असतो.

दुसरा टप्पा, तुटलेला गोळा काढणं. त्यात बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखं हत्यार फिरवून तो बाहेर ओढायचा आणि त्याचा व्यास मोजायचा. यात मांडीच्या हाडाला फारसा धोका नसतो. उरलेली मान करवतीनं नीट कापतात, आतल्या बाजूला छोट्या उंचवट्याच्या वर एक ते दीड सेंटिमीटर ठेवून. करवत घाईत खोल गेली, तर मोठ्या उंचवट्याच्या मुळाशी खाच पडते आणि पुढचा घाव तिथूनच फाटा काढतो.

तिसरा टप्पा सगळ्यात धोक्याचा. पोकळी दांड्याच्या आकाराची करायला रास्प वापरतात, म्हणजे दातेरी कानशीच. ती हातोडीनं आत ठोकत न्यायची, बाहेर काढायची, मग पुढच्या मापाची घ्यायची. इथे कान उघडे ठेवावे लागतात. रास्प पोकळीत बसत जाते तसा आवाज बदलतो. आधी बसका 'ठप्', मग भरीव 'ठक्', आणि घट्ट बसली की खणखणीत 'टण्'. तो खणखणीत आवाज अचानक पुन्हा बसका झाला, किंवा तीन घावांत जराही न हललेली रास्प चौथ्या घावाला बोटभर आत गेली, तर हाड फाटलंय. ओटीतल्या जुन्या सिस्टरलाही हे कळतं. माझ्या एका सिस्टरनं सर्जनच्या आधी मान वर केलेली मी पाहिली आहे.

हाताची दिशा चुकली तर आणखी एक प्रकार होतो. मांडीचं हाड सरळ नळीसारखं नसतं, पुढच्या बाजूला किंचित धनुष्यासारखं वाकलेलं असतं. पोकळीचं तोंड बाहेरच्या आणि मागच्या बाजूनं पुरेसं उघडलं नाही, तर रास्प तिरकी जाते आणि हाडाच्या भिंतीला भोक पाडते. समोरून काढलेल्या एक्स-रेत सगळं झकास दिसतं. बाजूनं काढला की दांड्याचं टोक हाडाबाहेर.

चौथा टप्पा म्हणजे खरा दांडा ठोकणं. रास्पनं केलेल्या जागेपेक्षा दांडा थोडा जाड असतो, नाहीतर तो घट्ट बसणारच नाही. शेवटच्या दोन घावांना मानेच्या आतल्या कडेला उभी चीर जाते. सगळ्यात जास्त चिरा याच जागेच्या. कधी चीर केसाएवढी, रक्त पुसून बोट फिरवल्याशिवाय न दिसणारी.

पाचवा टप्पा बॉल वाटीत घालण्याचा. सहायक पाय ओढतो, सर्जन बॉल ढकलतो, मग पाय फिरवायचा. मान थोडी लांब राहिली किंवा स्नायू आखडलेले असले, की बॉल कडेवर अडतो आणि सगळ्यांचा जोर वाढतो. तिथे थांबून आखडलेला भाग सोडवायचा, गरज पडली तर मान थोडी आणखी कमी करायची. घड्याळाकडे बघून जोर लावला, तर दांड्याच्या टोकाशी हाड मोडतं. तिथे कडक दांडा संपतो आणि ठिसूळ हाड सुरू होतं.

ऑपरेशनच्या आधी तुम्ही करायची कामं

धोका कुणाला जास्त ते आधी ओळखता येतं, निदान बऱ्याचदा. खूप वय, बाईमाणूस, काटकुळी अंगकाठी. वर्षानुवर्षं दम्याच्या किंवा सांध्यांच्या दुखण्याच्या स्टिरॉइड गोळ्या. आमवात. लहानपणी पोलिओ झालेला पाय, किंवा लकव्यानं कडक झालेला. त्याच पायात पूर्वी घातलेली पट्टी किंवा सळई. ती काढलेली असली तरी स्क्रूची भोकं उरतात, आणि टपाल तिकिटं भोकांच्या ओळीवरच फाटतात. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. घरातल्या गोळ्यांची पिशवी आहे तशी उचलून आणा. "बारीक पांढरी गोळी रोज घेते" एवढ्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.

एक्स-रे एकच, कंबरेचा, काढून भागत नाही. दोन्ही खुबे एका फिल्ममध्ये हवेत, म्हणजे चांगल्या बाजूवरून माप घेता येतं. दुखऱ्या मांडीचा गुडघ्यापर्यंतचा एक्स-रे हवा, समोरून आणि बाजूनंही. पाय हलवला की आजी ओरडतात म्हणून बाजूचा एक्स-रे टाळला जातो. पोकळी केवढी, हाड किती वाकलेलं, जुनी भोकं कुठे, हे त्यातूनच समजतं. काहींची पोकळी नरसाळ्यासारखी, वर रुंद आणि खाली निमुळती. काहींची सरळ पाइपसारखी, भिंती पातळ. नरसाळ्याच्या अरुंद भागात जाड दांडा अडकून हाड फाटू शकतं. पाइपात दांडा घट्ट बसवायच्या नादात पातळ भिंत तडकते. आम्ही यांना डॉर नावाच्या सर्जनच्या पद्धतीनं अ (नरसाळं), ब (मधली), क (पाइप) म्हणतो. तुम्ही एवढंच विचारा, "आईच्या हाडाची पोकळी कशी आहे?" यावर डॉक्टर फिल्म उजेडाला धरून दाखवायला लागले, तर नियोजन झालेलं आहे असं समजा.

मग एक साधा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा: "हाडाला चीर गेलीच तर बांधायची तार आणि लांब दांडा ओटीत असेल ना?" आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत बॉलचा सेट डीलरचा माणूस ऑपरेशनच्या दिवशी घेऊन येतो. त्यात काय आहे आणि काय नाही हे कधी कधी पेटी उघडल्यावर कळतं. तार स्वस्त असते आणि ती नेहमी हाताशी हवी. लांब दांडा, पट्टी आणि केबल प्रत्येक वेळी लागत नाहीत. पण मध्यरात्री लागल्या तर जिल्ह्याहून गाडी येईपर्यंत रुग्ण टेबलावर उघडा राहतो. हा प्रश्न विचारलात म्हणून डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर तेही एक उत्तरच आहे.

संमतीपत्र वाचून घ्या. त्यात 'ऑपरेशनदरम्यान हाड मोडण्याची शक्यता' असं काहीतरी बहुधा असतं, बारीक अक्षरात. ती ओळ डॉक्टरांकडून तोंडी समजून घ्या आणि सही करणाऱ्यासोबत घरातलं आणखी एक माणूस ऐकायला असू द्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केस बसत असेल तर आरोग्यमित्राला आधीच विचारा की जास्तीचं इम्प्लांट लागलं तर ते पॅकेजमध्ये धरतात का. ऑपरेशन चालू असताना ओटीच्या दारात पैशाची बोलणी होऊ नयेत.

पण तपासण्यांच्या नावाखाली दिवस घालवू नका. शक्यतो पहिल्या दीड-दोन दिवसांत ऑपरेशन झालेलं चांगलं.

सिमेंट घालायचं की नाही

यावर डॉक्टरांमध्येही वाद आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. हाडाचं सिमेंट म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. पूड आणि द्रव मिसळलं की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं. पोकळीत ते भरून त्यात दांडा हातानं दाबत बसवतात. ठोकाठोक कमी झाली की हाड फाटण्याचा धोकाही घटतो.

ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या १,२२५ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे सिमेंटवाला दांडा आणि आधुनिक, सिमेंटशिवायचा दांडा यांची तुलना होती. दांड्याभोवतीचं हाड मोडण्याचं प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २.१ टक्के निघालं. सिमेंटवाल्यांची चार महिन्यांनंतरची तब्येतही सरस होती. वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये मात्र ठाम म्हणावा असा फरक नव्हता. त्यात आपल्याकडचा जुना ऑस्टिन मूरचा दांडा नव्हता, हेही लक्षात ठेवा.

मग सगळे सिमेंटच का वापरत नाहीत? सिमेंट दाबताना पोकळीतली चरबी आणि मगज रक्तात ढकलली जाते. काही रुग्णांचं बीपी आणि ऑक्सिजन त्या काही मिनिटांत कोसळतं आणि क्वचित जीवही जातो. हृदय आणि फुप्फुसं आधीच थकलेली असतील तर जास्त भीती. पोकळी पाण्याच्या फवाऱ्यानं स्वच्छ धुतली, खाली अडसर बसवला, भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'आता सिमेंट' असं मोठ्यानं सांगितलं आणि दाब बेतानं ठेवला, तर हा धोका बराच कमी होतो. माझं मत सांगतो: पातळ, पाइपसारख्या हाडात मी सिमेंट वापरतो आणि हृदय फारच कमजोर असेल तर भूलतज्ज्ञांशी बोलून ठरवतो. "सिमेंट जुनं झालं, आता कुणी वापरत नाही" असं कुणी सांगितलं तर त्याच्या भरवशावर राहू नका.

चीर गेली, पुढे टेबलावर काय करतात

पहिलं म्हणजे थांबतात. घाव थांबवायचा, दांडा किंवा रास्प बाहेर काढायची, रक्त पुसायचं आणि चीर कुठून कुठवर गेलीय ते डोळ्यांनी बघायचं. खालचं टोक दिसत नसेल तर जखम वाढवायची. टोक न बघता तार बांधणं म्हणजे पायजम्याची नाडी अंदाजानं ओवणं. शंका असेल तर सी-आर्म, म्हणजे ओटीतलं एक्स-रेचं मशिन, आत घेऊन दोन्ही बाजूंनी बघायचं.

या चिरांची वर्गवारी कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराच्या नावानं ओळखली जाते आणि ती तुमच्या डिस्चार्ज कार्डावर येऊ शकते. अ म्हणजे वरच्या रुंद भागात, ब म्हणजे दांड्याच्या आसपासच्या नळीत, क म्हणजे दांड्याच्याही खाली. पुढचा आकडा १ असेल तर नुसतं भोक, २ म्हणजे न सरकलेली चीर, ३ म्हणजे तुकडा सुटून सरकलेला. 'अ-२' लिहिलं असेल तर बऱ्यापैकी सुटलात. 'ब-३' असेल तर पुढचे तीन महिने सांभाळून.

अ-२ ला तार पुरते. पटाशीची लाकडी मूठ बघा. हातोडीचे घाव खाऊन ती फुटू नये म्हणून वरच्या टोकाला लोखंडी कडं बसवलेलं असतं. आम्ही तेच करतो. बहुधा १८ गेजची स्टीलची तार, वाकड्या हत्यारानं हाडाला अगदी चिकटून मागून फिरवून आणायची, कारण जवळच नसा आणि रक्तवाहिन्या असतात. छोट्या उंचवट्याच्या वर एक वेढा, खाली एक, आणि पीळ देऊन आवळायचं. चीर मिटली की दांडा पुन्हा बसवायचा, या वेळी हळू, आणि बसवल्यावर परत बघायचं की ती खाली सरकली नाही ना. काही सर्जन फार पातळ हाडात चीर जायच्या आधीच एक वेढा घालून ठेवतात. मला ही सवय आवडते. पाच मिनिटं जातात एवढंच.

वरच्या बाहेरच्या उंचवट्याचा तुकडा निघाला तर प्रकरण निराळं. चालताना कंबर सरळ धरणारे स्नायू तिथे लागलेले असतात. तो तारेनं किंवा खास पट्टीनं घट्ट बांधला नाही तर माणूस पुढे आयुष्यभर झुकत चालतं.

ब प्रकारात चीर नळीत उतरलेली असते. तिथे लांब दांडा लागतो आणि त्याचं टोक चिरेच्या खालच्या टोकापासून हाडाच्या जाडीच्या दुपटीनं तरी पुढे जायला हवं. तुकडा सरकला असेल तर बाहेरून पट्टी, तारा, केबल. भोक पडलं असेल तर तेही असंच ओलांडायचं. सिमेंट घालायचं झालं तर भोक आधी बुजवायचं, नाहीतर सिमेंट मांसात येतं. क प्रकारात दांड्याला हात न लावता खालचं हाड पट्टीनं जोडतात.

आता माझी स्वतःची गोष्ट. सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना मी ऑस्टिन मूर बसवला. शेवटच्या घावाला आवाज जरा बसका वाटला होता. पाय फिरवून बघितला, बॉल ठीक वाटला, आणि लांबलेल्या यादीतलं पुढचं ऑपरेशन खोळंबलं होतं. मी टाके घातले. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहताना त्या कळवळून खाली बसल्या. एक्स-रेत दांडा दीड सेंटिमीटर खाली गेलेला आणि हाड उभं उकललेलं. दुसरं ऑपरेशन, लांब दांडा, तीन वेढे, दोन बाटल्या रक्त. पहिल्याच वेळी एक तार घातली असती तर एवढं झालं नसतं. त्यानंतर आवाज बदलला की मी सगळ्यांना थांबवतो. नऊ वेळा काही निघत नाही, दहाव्यांदा निघतं.

बातमी कळल्यावर तुम्ही काय विचारायचं

डॉक्टरांनी चीर गेल्याचं स्वतःहून सांगितलं तर आधी मनातल्या मनात त्यांना एक गुण द्या. टेबलावर दिसलेली, बांधलेली आणि सांगितलेली चीर बहुधा भरून येते. अडचण होते ती न दिसलेल्या किंवा न सांगितलेल्या चिरेची. कारण मग फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या दिवशी पूर्ण वजन टाकायला लावतो.

राग येणं साहजिक आहे. तरी त्या दिवशी एवढं तरी विचारून घ्या: चीर कुठे आणि कितीपर्यंत, कशानं बांधली, दांडा हलत नाही ना, आणि पायावर वजन कधी टाकायचं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, तोंडी नको. ऑपरेशननंतरचा एक्स-रे दांड्याच्या टोकाच्या खालीपर्यंत असावा. नुसता वरचा भाग दाखवणारी फिल्म असेल तर पूर्ण मांडीची मागा. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलंय का बघा. कंपनी, माप आणि बॅच त्यावर असतं, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या सर्जनला तेच लागतं.

चीर जाणं म्हणजे आपोआप हलगर्जी होत नाही. जपून केलेल्या ऑपरेशनमध्येही ती जाते. चीर बघूनही न बांधणं, एक्स-रे न काढणं, लपवणं, ही वेगळी गोष्ट. मनात शंका असेल तर ऑपरेशनच्या नोंदीची आणि फिल्मची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं तर या कागदांसकट जा.

घरी आणल्यावर

चीर नसलेल्या रुग्णाला आम्ही दुसऱ्या दिवशी उभं करतो. चीर गेली आणि बांधली असेल तर तीन शक्यता असतात. बांधणी भक्कम असेल, विशेषतः सिमेंटमध्ये, तर वॉकर घेऊन लगेच पूर्ण वजन. थोडी शंका असेल तर सहा आठवडे फक्त पायाचा अंगठा जमिनीला टेकवून. लांब चीर, पट्टी असेल तर सहा ते बारा आठवडे, एक्स-रे बघत बघत. ऐंशी वर्षांच्या माणसाला 'निम्मं वजन टाका' हे जमत नाही, हे आम्हालाही माहीत आहे. घरचा वजनकाटा घ्या, त्यावर पाय ठेवायला लावा आणि काटा किती किलोवर गेला ते त्यांना दाखवा. दोन-तीनदा केलं की पायाला अंदाज येतो.

वजन टाकायचं नाही याचा अर्थ झोपून राहायचं नाही. दिवसातून चार-पाच वेळा खुर्चीत बसवा, पंजे वरखाली हलवायला लावा, मोठे श्वास घ्यायला लावा. रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल तर ते मधेच सोडू नका. मागच्या बाजूनं ऑपरेशन झालं असेल तर झोपताना दोन पायांत उशी, मांडी घालून बसणं बंद, भारतीय पद्धतीचा संडास बंद, खुर्ची उंच. जमिनीवर बसून देवपूजा करणाऱ्या आजींचं यावर भांडण ठरलेलं. देव्हारा टेबलावर हलवा आणि मोकळे व्हा. बाहेरचा उंचवटा बांधलेला असेल तर कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगेपर्यंत करू नका. फिजिओथेरपिस्टला ही गोष्ट तुम्ही स्वतः सांगा, कारण फाइल वाचलीच जाते असं नाही.

या खुणा दिसल्या तर वाट न बघता फोन करा: कमी होत आलेलं दुखणं एकदम मांडीत उठणं, पाय आधीपेक्षा आखूड वाटणं, पाऊल पुन्हा बाहेर वळणं, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं. मांडीतलं दुखणं खास लक्षात ठेवा. खुब्याच्या रुग्णाला जांघेत दुखलं तर आपण समजू शकतो. उभं राहिल्यावर मांडीच्या मधोमध दुखत असेल तर दांडा हलतोय का ते बघावं लागतं.

एक्स-रे सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षानं. पहिली फिल्म जपून ठेवा. दांडा खाली सरकला की नाही हे दोन फिल्म शेजारी ठेवूनच कळतं.

हाड इतकं ठिसूळ का झालं, हा भाग आपल्याकडे राहूनच जातो. बॉल बसला, टाके निघाले, सगळे विसरले. ड जीवनसत्त्व तपासून भरून काढा, कॅल्शियम द्या, आणि झोलेड्रॉनिक अॅसिडच्या वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खुबा मोडल्यावर ९० दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले होते. किडनी कमजोर असेल तर ते चालत नाही आणि ड जीवनसत्त्व आधी भरलेलं लागतं, म्हणून बहुधा ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी पुढे देतात. आणि मोरीत रात्रभर जळणारा एक दिवा आणि हाताशी एक दांडी, एवढी कामं आजी दवाखान्यात असतानाच उरकून घ्या.

मला 'दुसरं मोडून आलात का' विचारणारा तो मुलगा तीन महिन्यांनी आईला घेऊन आला. ती वॉकर सोडून काठीवर आली होती. मी फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून चीर कुठे होती ते दाखवलं. आता तिथे पांढरी रेघ भरलेली होती आणि तारेचे दोन वेढे लखलखीत दिसत होते. आजींनी डोळे बारीक करून बघितलं.

"ही तार काढायची कवा?"

"काढायची नाही आजी. आतच राहणार."

"अन् गंजली तर? आमच्या वावराच्या कुंपणाची दोन पावसाळ्यांत गंजते."

"ही वेगळ्या स्टीलची असते. नाही गंजत."

त्यांना ते फारसं पटलं नाही. जाताना त्यांनी मुलाला फिल्म नीट पाकिटात घालायला लावली आणि पुढच्या वेळी ही पण आणायची, असं बजावलं.